नदीकाठच्या नव्या वस्तीत आधी उतार, मग सेन्सर: एक प्रकरण अभ्यास

शहर, कंपन्या आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळलीत आणि काही तपशील मोघम ठेवलेत, पण आधी काय झालं, नंतर काय झालं, कुठे अडलं, हे जसं घडलं तसंच लिहिलंय. मी या प्रकल्पात जमिनीच्या लेव्हल आणि पावसाचं पाणी बघणाऱ्या टीममध्ये होते, त्यामुळे इथे पाणी जास्त येणार आणि बाकीच्या गोष्टी कमी. भविष्यातलं शहर म्हणून जे काही डिझाइन होतंय त्यात सगळ्यात कमी वेळ जमिनीच्या उतारावर जातो आणि सगळ्यात जास्त डॅशबोर्डवर, हे मला मनापासून खटकतं, म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं.

पार्श्वभूमी

मध्यम आकाराचं नदीकाठचं शहर. नदी आणि शहराचा जुना भाग यांच्या मधे एक बंद पडलेला कारखाना आणि त्याला लागून रेल्वेचं जुनं यार्ड, सगळं मिळून साधारण ४० हेक्टर. जागा कित्येक वर्षं पडून होती. शहराबाहेर मोकळ्या जमिनीवर नवीन उपनगर काढण्यापेक्षा आतली पडीक जागा वापरायची, हा निर्णय मुळातच चांगला होता. रस्ते, पाण्याच्या लाइन, बस, शाळा सगळं शेजारीच असतं, माणसाला रोज लांब जावं लागत नाही, आणि टिकाऊ शहराचं निम्मं काम तिथेच होऊन जातं, मग तुम्ही एकही सेन्सर लावा किंवा नका लावू.

महापालिकेने या कामासाठी वेगळी विकास कंपनी काढली. मागणी अशी होती की घरं, ऑफिसं, शाळा, बाग सगळं एकत्र असावं, गाड्या कमी असाव्यात, कार्बन कमी असावा आणि सगळं कसं तंत्रज्ञानावर चालावं. दिवे, कचरा, पार्किंग, पाणी, वीज, सगळ्याचा डेटा एका कंट्रोल रूममध्ये. यातली मेख अशी की पैशाचा मोठा हिस्सा तंत्रज्ञानासाठी राखून ठेवलेल्या निधीतून येणार होता आणि त्याला मुदत होती, म्हणजे ठरावीक तारखेच्या आत तंत्रज्ञानाच्या कॉन्ट्रॅक्टवर सही झाली नाही तर पैसे परत. पुढचे जवळजवळ सगळे पेच या एका अटीतून निघाले. मातीकामाला, नाल्यांना, झाडांच्या खड्ड्यांना अशी काही मुदत नव्हती, मग साहजिकच सगळ्यांचं लक्ष ज्याला मुदत होती तिकडे.

सुरुवातीच्या सादरीकरणांत तीच ती नावं यायची. दक्षिण कोरियात समुद्रात भराव घालून केलेल्या सुमारे ६०० हेक्टरवरचं सॉन्गदो, जिथे कचरा जमिनीखालच्या पाइपांतून हवेने ओढला जातो. अबू धाबीजवळचं मसदर सिटी, २००६ मध्ये जाहीर झालेलं. मसदरच्या मूळ प्लॅनमध्ये माणसं वरच्या पोडियमवर, म्हणजे खांबांवर उचललेल्या मजल्यावर, चालणार आणि पोडियमच्या खाली विनाचालक छोट्या गाड्या धावणार अशी कल्पना होती. पहिल्या टप्प्यात ते केलंही, आणि पुढच्या टप्प्यांसाठी सोडून दिलं, कारण एवढा मोठा भाग खांबांवर उचलायचा खर्च प्रचंड आणि तोपर्यंत साध्या इलेक्ट्रिक गाड्याही बऱ्यापैकी पुढे आल्या होत्या. आमच्या सादरीकरणात मसदरचे फोटो होते पण हा भाग नव्हता, आणि मला विचाराल तर त्या शहराकडून शिकण्यासारखं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे: काही वर्षांत बदलणारी गाडी आणि शंभर वर्षं राहणारी जमिनीची लेव्हल एकमेकांना बांधली की दोन्ही अडकतात.

अडचण नेमकी काय होती

वरवर बघता अडचण अशी की एका मोठ्या कंपनीचं पॅकेज घ्यायचं की नाही. कंपनीचा प्रस्ताव आकर्षक होता. सगळे सेन्सर, नेटवर्क, सॉफ्टवेअर, कंट्रोल रूम त्यांची, सुरुवातीची काही वर्षं सॉफ्टवेअर जवळजवळ फुकट, बदल्यात २० वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट आणि जमा होणारा डेटा वापरायचा हक्क. टोरांटोमध्ये क्वेसाइड नावाच्या जेमतेम १२ एकरांच्या तुकड्यावर २०१७ पासून असाच वाद चालला होता, की रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाचा डेटा नेमका कुणाचा, आणि मे २०२० मध्ये तो प्रकल्प करणारी साइडवॉक लॅब्ज ही गूगलची भगिनी कंपनी त्यातून बाहेर पडली. बाहेर पडताना त्यांनी कारण आर्थिक अनिश्चिततेचं दिलं, पण डेटाचा प्रश्न तिथे शेवटपर्यंत लोकांच्या डोक्यात होता. आमच्याकडे तो प्रश्न उपस्थित व्हायच्या आधीच दुसराच एक प्रश्न समोर आला, तो म्हणजे पाणी.

ही जागा आजूबाजूच्या शहरापेक्षा खाली. जुना भाग वरच्या अंगाला, नदी खालच्या अंगाला, आणि मधे आम्ही. हिशोब सोपा आहे: १ मिलिमीटर पाऊस १ हेक्टरवर पडला की १० घनमीटर पाणी. ४० हेक्टरवर तासाभरात ६० मिलिमीटर पडला तर २४,००० घनमीटर, म्हणजे २ कोटी ४० लाख लिटर, आणि हे फक्त आपल्या डोक्यावर पडलेलं, वरून वाहत येणारं वेगळं. पूर्वी तिथे माती, खडी, गवत होतं, काही पाणी मुरायचं, काही साचून राहायचं. आता छप्पर, डांबर आणि फरशी येणार म्हटल्यावर त्यातलं जवळजवळ सगळं लगेच वाहणार. आणि नदीला पूर असेल तेव्हाच मोठा पाऊस असतो, म्हणजे ज्या तोंडातून पाणी बाहेर सोडायचं तेच तोंड त्या वेळी बंद.

हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. प्लॅनमध्ये ‘स्मार्ट ड्रेनेज’ असं लिहिलेलं होतं. पातळी मोजणारे सेन्सर, पावसाचा अंदाज, आणि त्यावरून आपोआप उघडझाप करणारी मोटारवाली गेट. कागदावर उत्तम, आणि जिथे जुनी ड्रेनेज आहे आणि खोदायला जागाच नाही तिथे असं नियंत्रण खरंच उपयोगी पडतं.

तिसऱ्या आढावा बैठकीत स्क्रीनवर थ्री-डी मॉडेल फिरत होतं. महापालिकेचे ड्रेनेज मेंटेनन्सचे प्रमुख मागे बसले होते, त्यांना बैठकीला बोलावलं होतं ते फक्त सही लागते म्हणून. त्यांनी हात वर करून विचारलं, “कंट्रोल रूम कुठल्या लेव्हलला आहे?” आर्किटेक्टने मॉडेल उलटं करून दाखवलं, मधल्या चौकाच्या खाली, तळघरात, सबस्टेशनच्या शेजारी. “आणि चौकाची लेव्हल?” मॉडेलवर क्लिक केलं. चौक पूर्ण जागेतला सगळ्यात खालचा बिंदू निघाला. ते म्हणाले, “म्हणजे पाणी आलं की पहिलं इथेच येणार. सबस्टेशन बुडालं की वीज जाणार. गेट विजेवर. मग मॅडम, गेट उघडायला कुणाला पाठवायचं?”

खोलीत कुणाकडेच उत्तर नव्हतं. कंपनीच्या माणसाने बॅटरी बॅकअपचं सांगितलं, तर बॅकअपही त्याच तळघरात. ज्यांना फक्त सहीसाठी बोलावलं होतं त्यांनी पाच मिनिटांत जे दाखवलं ते चांगल्या पगाराच्या सल्लागारांना काही महिन्यांत दिसलं नव्हतं, आणि यात त्यांची हुशारी तर आहेच पण आमच्या कामाच्या पद्धतीबद्दलही बरंच काही आहे.

टेबलावर आलेले पर्याय

त्या बैठकीनंतर विकास कंपनीने काम थोडं थांबवलं (निधीची तारीख डोक्यावर असताना थांबणं सोपं नव्हतं, तेव्हाच्या प्रमुख अधिकाऱ्यांना याचं श्रेय द्यायलाच हवं) आणि तीन पर्याय लिहून काढायला सांगितले.

पहिला पर्याय, पॅकेज आहे तसंच घ्यायचं, फक्त कंट्रोल रूम आणि सबस्टेशन वरच्या मजल्यावर न्यायचे. सगळ्यात कमी बदल, मुदत पाळली जाणार. पण मूळ गोष्ट तशीच राहणार, की पाणी बाहेर जाणं हे गेटवर, गेट सॉफ्टवेअरवर आणि सॉफ्टवेअर एका कंपनीवर अवलंबून.

दुसरा पर्याय जुन्या पद्धतीचा. सगळी जागा भराव टाकून उंच करायची, खाली काँक्रीटची मोठी टाकी बांधायची आणि पंपाने पाणी नदीत फेकायचं. इंजिनिअर लोकांना हा पर्याय ओळखीचा असतो म्हणून सुरक्षित वाटतो. पण नदीकाठी भूजल वर असतं, आणि रिकामी टाकी खालच्या पाण्याच्या दाबाने वर उचलली जाऊ शकते, म्हणून ती धरून ठेवायला आणखी जाड काँक्रीट लागतं. जगातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्क्यांच्या घरात धरला जातो, तेव्हा कमी कार्बनच्या वस्तीची सुरुवातच डोंगराएवढ्या काँक्रीटने करायची हे पटण्यासारखं नव्हतं. शिवाय भराव टाकला की आपलं पाणी शेजाऱ्याकडे. हा मुद्दा त्या टिपणात एका ओळीत होता, आणि पुढे तोच नडला.

तिसरा पर्याय असा की पाणी जमिनीवरच धरायचं. रस्त्यांच्या कडेने उथळ हिरवे चर, चौक आणि मैदानं मुद्दाम खोलगट, आणि उतारच असे द्यायचे की कुणी काही न करता पाणी घरांपासून लांब जाईल. रॉटरडॅममधला बेंथेमप्लेन हा २०१३ मधला पाण्याचा चौक यासाठी बघितला, तीन खोलगट भाग, एरवी खेळायला-बसायला आणि पावसात १७ लाख लिटरच्या आसपास पाणी धरायला. त्याहून जास्त अभ्यास कोपनहेगनचा केला. तिथे २ जुलै २०११ ला दोनेक तासांत १५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला, शहराचं प्रचंड नुकसान झालं, आणि २०१२ मध्ये त्यांनी ढगफुटीचा वेगळा प्लॅन केला ज्यात साधारण ३०० लहानमोठी कामं २० वर्षांत पसरून करायची होती. मला त्यातलं सगळ्यात आवडलं ते हे की काही रस्त्यांचा मध्यच खोल करायचा, म्हणजे अतिपावसात रस्ता हाच नाला. त्याला ना वीज लागते ना पासवर्ड.

तिसऱ्या पर्यायाच्या मर्यादाही मांडल्या होत्या. चीनमधल्या झेंगझोऊत ‘स्पंज सिटी’चं, म्हणजे शहराने स्पंजसारखं पावसाचं पाणी शोषून धरावं अशा रचनेचं, काम झालेलं असूनही २० जुलै २०२१ ला एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला आणि मेट्रोच्या बोगद्यात माणसं दगावली. कुठलाही चर असल्या पावसाला पुरत नाही. त्यामुळे “किती पावसापर्यंत चालेल” यासोबत “त्याहून जास्त आला तर पाणी कुठून जाईल आणि तेव्हा तिथे माणूस असेल का” हा प्रश्न वेगळा सोडवायला लागतो. दुसरी मर्यादा आमच्याच जागेची. कारखान्याची माती दूषित होती. तिच्यातून पाणी मुरवलं तर जुनी घाण धुऊन भूजलात जाणार, म्हणजे पुस्तकातला स्पंज इथे चालणारच नव्हता, आणि चरांच्या तळाला पाणी न मुरणारा थर टाकून फक्त धरून-सोडून द्यायचं काम करता येणार होतं. हे सांगितल्यावर लँडस्केपवाल्यांचा चेहरा पडला, पण असले तपशील उशिरा कळण्यापेक्षा लवकर कळलेले बरे.

निर्णय, आणि तो कसा झाला

निवड तिसऱ्याची झाली, पण ती एका फटक्यात झाली नाही. अर्थ खात्याचं म्हणणं होतं की तंत्रज्ञानाचा निधी सोडून मातीकामाला पैसे कुठून आणायचे. हा युक्तिवाद पोकळ नव्हता, पैसा खरंच तसा अडकलेला होता.

तेव्हा कुणीतरी फळ्यावर एक साधी यादी काढली, कुठली गोष्ट किती वर्षं टिकते याची. रस्त्यांची आखणी शंभर वर्षं आणि जास्त. ड्रेनेजचे पाइप ५० ते १००. इमारती ५० च्या पुढे. फरशी १५-२०. एलईडी दिवे दहा-बारा. सेन्सर पाच ते दहा. सॉफ्टवेअर त्याहून कमी. मोबाइल नेटवर्कचं तर काहीच सांगता येत नाही. जपानच्या एनटीटी डोकोमोने एनबी-आयओटी ही सेन्सरसाठीची मोबाइल नेटवर्क सेवा २०१९ मध्ये सुरू केली आणि २०२० मध्ये बंदही केली. यादी समोर आल्यावर चर्चेचा सूरच बदलला. प्रश्न “तंत्रज्ञान हवं की नको” असा राहिला नाही, तर वर्षं कमी असलेली वस्तू वर्षं जास्त असलेल्या वस्तूच्या पोटात गाडायची नाही एवढा नियम सगळ्यांना पटला. सेन्सर काँक्रीटमध्ये ओतायचा नाही. सॉफ्टवेअर बंद पडलं म्हणून पाणी थांबता कामा नये. कंपनी गेली तर रस्ता खणावा लागता कामा नये.

यातून निधीचा मार्गही निघाला. तंत्रज्ञानाच्या पैशातून रस्त्यांखाली रिकाम्या केबल नळ्या आणि जागोजागी उघडता येणारे चेंबर करायचे, जास्तीच्या नळ्या ठेवून, कारण नळी हीसुद्धा तंत्रज्ञानाची पायाभूत सोयच आहे. हा अर्थ निधी देणाऱ्यांनी मान्य केला. त्यासाठी आखणी आणि खोदाई आधी करावी लागली आणि उतारांचं काम त्याच खोदाईत बसलं. कॉन्ट्रॅक्ट २० वर्षांऐवजी तीन-तीन वर्षांचं ठरलं, मूळ डेटा महापालिकेच्या सर्व्हरवर खुल्या फॉरमॅटमध्ये उतरणार, कंपनी बदलली तर सगळं नव्या कंपनीला वाचता येईल अशा पद्धतीने. पहिली कंपनी या अटींवर निघून गेली. तेव्हा बरीच घबराट झाली होती, पण लहान दोन कंपन्या मिळून पुढे आल्या.

गेटचा निर्णय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मोटारवाली गेट राहिली, पण त्यांच्या वरच्या अंगाला साधा दगडी सांडवा ठेवला. गेट बंद अडकलं, वीज गेली, सेन्सर खोटं बोलला, काहीही झालं तरी पाणी ठरावीक उंचीला पोचलं की आपोआप पुढच्या खोलगट भागात सांडणार. आणि प्रत्येक गेटला हाताने फिरवायचं चाक, तेही पाण्याच्या वरच्या लेव्हलला, म्हणजे माणसाला पुरात उतरावं लागणार नाही. चाकाची जागा मेंटेनन्सच्या लोकांनी स्वतः साइटवर उभं राहून ठरवली.

कचऱ्याच्या हवेच्या पाइपांवरही बरीच चर्चा झाली. हे तंत्र काही नवीन नाही, न्यूयॉर्कच्या रूझवेल्ट आयलंडवर १९७५ पासून चालू आहे. पण त्याला शिस्त लागते, काच आणि मोठे पुठ्ठे त्यात जात नाहीत, ओला कचरा चिकटतो, आणि पंख्यांना वीज सतत लागते. वस्ती टप्प्याटप्प्याने भरणार असल्याने पहिली काही वर्षं अर्ध्या रिकाम्या पाइपांसाठी पूर्ण यंत्रणा चालवावी लागली असती. म्हणून नाही म्हटलं, फक्त त्यासाठी लागणारी पट्टी रस्त्याखाली मोकळी सोडली. पार्किंगची इमारत मात्र सपाट मजल्यांची आणि जास्त उंचीची केली, रॅम्प बाहेरून, म्हणजे उद्या गाड्या कमी झाल्या तर तिथे ऑफिसं किंवा वर्ग भरवता येतील.

माणसं मोजायला कॅमेऱ्याऐवजी साधे इन्फ्रारेड काउंटर घेतले. चेहरा गोळाच केला नाही तर तो चुकीच्या हातात जायचा प्रश्न येत नाही. यावर फार वाद झाला नाही.

प्रत्यक्ष काम आणि निष्पत्ती

पहिल्या टप्प्यात साधारण अर्धी जागा झाली. लोक राहायला आल्यावर पहिला मोठा पाऊस आला तो रात्रीचा. चर भरले, रस्त्याच्या मधून पाणी वाहिलं, चौक गुडघाभर भरला, आणि एकाही इमारतीच्या तळमजल्यात पाणी शिरलं नाही. एक गेट अडकलं होतं, ते सकाळी कळलं. सांडव्याने आपलं काम केलं होतं.

डिझाइनच्या दृष्टीने हे यश होतं. राहणाऱ्या लोकांच्या दृष्टीने नव्या कोऱ्या चौकात पाणी तुंबलं होतं. फोनवर तक्रारी, फोटो, “एवढे पैसे खर्चून हे?” त्यांचं काय चुकलं? चौक भरणं हेच त्याचं काम आहे, किती तासांत उतरेल, तोवर कुठून चालायचं, हे कुणीच त्यांना सांगितलेलं नव्हतं. पाणी उतरल्यावर बोटभर गाळ राहिला. तो काढायचा कुणी? ड्रेनेज विभाग म्हणाला हा चौक आहे, उद्यान विभाग म्हणाला हा गाळ आहे. शेवटी वस्तीतल्याच लोकांनी आणि सफाई कर्मचाऱ्यांनी मिळून काढला, आणि नंतर महापालिकेने त्याच्यासाठी वेगळी तरतूद केली. जमिनीवरचं पाणी डोळ्यांना दिसतं, त्याची घाणही दिसते. पाइपमध्ये ती लपलेली असते एवढाच फरक.

सेन्सरचं काय झालं ते जरा तपशिलात सांगते कारण याबद्दल सहसा कुणी लिहीत नाही. चेंबरमध्ये पाण्याची पातळी मोजायला सुरुवातीला अल्ट्रासॉनिक सेन्सर लावले होते, म्हणजे झाकणाखालून आवाजाच्या लहरी खाली सोडायच्या आणि परत यायला किती वेळ लागतो त्यावरून पातळी काढायची. काही दिवसांनी स्क्रीनवर ठणठणीत कोरडे चेंबर भरलेले दिसायला लागले. झाकण उघडून बघितलं तर सेन्सरच्या तोंडाशी कोळ्याने जाळं विणलेलं, त्यावर दमट हवेचे थेंब, आणि लहर तिथूनच परत. पुसलं की बरोबर, आठवड्यात पुन्हा तेच. मग मोक्याच्या जागी रडार पद्धतीचे सेन्सर लावले, जाळ्याचा आणि दमटपणाचा त्रास त्यांना बराच कमी होतो, आणि बाकीच्या ठिकाणचे काढूनच टाकले. दोन कंपन्यांपैकी एकीने मधेच आपलं उत्पादन बंद केलं, पण डेटा आपल्याकडे, फॉरमॅट खुला, उपकरणं स्क्रूने बसवलेली. सगळी बदलाबदल चेंबरची झाकणं उघडून झाली, एकही रस्ता खणला नाही. फळ्यावरच्या त्या यादीचा हिशोब तिथे चुकता झाला असं मी म्हणेन.

झाडांच्या बाबतीत मात्र निकाल दोन तऱ्हेचा. जिथे मुळांना पुरेशी माती मिळाली तिथे सावली धरायला लागलीय, आणि एका रस्त्यावर केबलच्या नळ्यांनी जागा खाल्ली तिथली बरीच झाडं गेली. जास्तीच्या नळ्या आम्हीच मागितल्या होत्या, त्यामुळे हा सौदा काहीच न देता मिळालेला नव्हता.

आता सगळ्यात गंभीर भाग. भराव टाकायचा नाही असं ठरलं होतं, पण एका बाजूचा प्रवेश रस्ता पुरातही चालू राहावा, अग्निशमनाची गाडी आत यावी, म्हणून तेवढा उंच केला. मागणी रास्त होती. पण त्या रस्त्याच्या पलीकडे जुनी, दाट, बैठ्या घरांची वस्ती आहे, आणि तिचं पाणी पूर्वी यार्डातून नदीकडे जायचं. कुठल्याही नकाशावर तो नाला नव्हता, ती नुसती उताराची सवय होती. रस्ता उंच झाला आणि ती वाट बंद झाली. आमच्या चौकात ठरवून पाणी भरलं त्या रात्री त्या घरांत न ठरवता शिरलं. आमचं मॉडेल प्लॉटच्या हद्दीवर संपत होतं आणि हद्दीवर त्याने “वरून येणारं पाणी” म्हणून एक आकडा घेतला होता, पण “आमच्यामुळे अडणारं पाणी” असा रकानाच नव्हता. ज्या लोकांना या प्रकल्पातून एकही घर मिळालं नाही त्यांच्याच घरात त्याचं पाणी गेलं, आणि अशा वस्तीला टिकाऊ म्हणायची माझी तरी तयारी नाही, जोवर हे दुरुस्त होत नाही.

कुठे वेगळं करता आलं असतं

एक म्हणजे अभ्यासाची हद्द. प्लॉट ४० हेक्टरचा असला तरी पाण्याचं पाणलोट क्षेत्र त्याहून कितीतरी मोठं, आणि डिझाइनचं मॉडेल पाणलोटाच्या हद्दीवर करायला हवं होतं. ते टेंडरच्या कामाच्या यादीतच नव्हतं. ज्या टप्प्यावर तीन पर्याय लिहिले गेले तिथेच, दुसऱ्या पर्यायाखालच्या त्या एका ओळीवर थांबून, “मग तिसऱ्या पर्यायात कुठे कुठे भराव उरलाय” एवढं तपासलं असतं तर प्रवेश रस्ता सापडला असता. त्याच्याखालून मोऱ्या काढायला तेव्हा फार लागलं नसतं. नंतर चालू रस्ता फोडून, केबल सांभाळून त्या काढणं किती जिकिरीचं आहे ते आता रोज दिसतंय.

दुसरं, मेंटेनन्सच्या लोकांना किती आधी बोलवायचं. ते तिसऱ्या आढाव्याला आले म्हणून तळघराची चूक वेळेत कळली. पहिल्याच दिवशी, रेषा मारायच्या आधी आले असते तर कदाचित गाळ काढायचं खातंही ठरलं असतं, आणि मला जवळजवळ खात्री आहे की जुन्या वस्तीच्या पाण्याची वाटही त्यांनी बोटाने दाखवली असती, कारण नंतर विचारलं तेव्हा त्यांच्यातल्या दोघांना ती पाठ होती. तीच गोष्ट पलीकडच्या वस्तीतल्या लोकांची. त्यांना सुनावणीला बोलावलं होतं, पण तिथे इमारतींच्या उंचीवर आणि बागेवर मतं विचारली गेली, पाणी कुठून जातं हे विचारलंच नाही.

निधीच्या अटीबद्दल माझं मत अजूनही ठाम आहे की तंत्रज्ञानासाठी वेगळी मुदत आणि जमिनीच्या कामाला काहीच मुदत नाही, ही रचना जिथे असेल तिथे हाच गोंधळ होणार. आमच्याकडे नळ्यांची वाट निघाली ती काही अधिकाऱ्यांनी चिकाटी धरली म्हणून. दुसऱ्या एखाद्या शहरात अशी माणसं त्या खुर्चीत नसली तर पहिल्या पर्यायावरच सही होते.

लोकांना आधी सांगायचा मुद्दा त्या मानाने सोपा होता आणि आता केलाय. चौकात पायऱ्यांवर पाण्याच्या उंचीच्या खुणा आहेत, प्रत्येक खुणेशेजारी साधारण किती वेळात पाणी उतरतं ते लिहिलंय, आणि चौक टाळून जायची वाट रंगवलेली आहे. तक्रारी बऱ्याच कमी झाल्या.

उंच रस्त्याखालच्या मोऱ्यांचं काम मंजूर झालंय, एक पूर्ण झाली, बाकीच्या केबल हलवण्यापायी अडकल्यात. तोवर मोठ्या पावसाचा इशारा आला की महापालिका तिथे फिरते पंप लावते. दुसऱ्या टप्प्याच्या टेंडरमध्ये मॉडेलची हद्द पाणलोटाची धरलीय, आणि लेव्हलचा नकाशा आर्किटेक्टकडे जायच्या आधी पलीकडच्या वस्तीत मोठा छापून लावायचा, लोकांनी त्यावर पाण्याच्या वाटा हाताने काढून द्यायच्या, अशी अट घातलीय. पहिला नकाशा लागला तेव्हा त्यावर आमच्या सर्व्हेत नसलेल्या तीन वाटा उमटल्या, त्यातल्या दोन साइटवर जाऊन तपासल्या तर खऱ्या निघाल्या, तिसरीवर आता बांधकाम आहे आणि तिचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.